फिक्शनच्या कागदावर बहिणीच्या लग्नाला जाता येतं का?

जाता येतं. पण तो कागद, म्हणजे नव्या परवान्याचा निर्णय होईपर्यंत जुनाच चालू धरला असल्याचा जर्मन कार्यालयाचा दाखला, आज तुझ्या हातात नाही, म्हणून आजचं उत्तर 'नाही' असंच धर.

तुझी गोष्ट मला कळली ती अशी. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा १२ तारखेला संपतोय. रहिवासी परवान्याचा अर्ज तू सहा आठवड्यांपूर्वी आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, ईमेलने पाठवलास, तिकडून यंत्राचं ठरलेलं उत्तर तेवढं आलं. टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळत नाही, फोन कुणी उचलत नाही आणि २८ तारखेला साताऱ्यात बहिणीचं लग्न आहे. एक मित्र म्हणतो, 'बिनधास्त जा, परत येताना ईमेल दाखव.' दुसरा म्हणतो, 'मुंबईहून नवा व्हिसा काढ.' दोघांचंही ऐकू नकोस. पहिल्याचं तर मुळीच नको. मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीला तुझ्या ईमेलचं काहीच सोयरसुतक नसतं. पासपोर्टातल्या व्हिसाची तारीख गेलेली दिसली की ती तुला विमानात बसू देणार नाही, आणि तिचंही चूक नाही, कारण चुकीचा प्रवासी नेला की भुर्दंड विमान कंपनीला बसतो.

आधी कायद्यात काय आहे ते बघ. जर्मन निवास कायद्याचं कलम ८१, उपकलम ४. परवान्याची मुदत संपायच्या आत तू नव्यासाठी अर्ज केलास, तर कार्यालय निर्णय देईपर्यंत जुनाच परवाना चालू आहे असं धरलं जातं. हे जे 'धरलं जातं' ना, तीच ती फिक्शन. डी व्हिसावर, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या व्हिसावर, आलेल्या विद्यार्थ्याला हे लागू होतं, थोड्या दिवसांच्या शेंगेन व्हिसावर आलेल्या पाहुण्याला नाही. म्हणजे १३ तारखेला सकाळी उठून तू बेकायदा झालास असं होत नाही. नोकरीही चालू राहते, विद्यार्थ्याला कामाची मुभा असलेले वर्षाचे १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस हा हिशेब तसाच. मालक घाबरला तर त्याला हेच कलम दाखव.

पण देशात राहणं वेगळं आणि सीमा ओलांडणं वेगळं. सीमेवर कागद लागतो. त्याचं नाव फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग, शुल्क १३ युरो, आणि तो तुला देणं ही कार्यालयाची मेहेरबानी नाही. त्याच कलमाच्या उपकलम ५ प्रमाणे तो द्यावाच लागतो. आपली बहुतेक मुलं 'माझ्या अर्जाचं काय झालं?' असं आठ वेळा विचारतात, त्याला कुणी उत्तर देत नाही. तू अर्जाची चौकशीच करू नकोस, हा दाखला माग. विषयाच्या ओळीतच कलम ८१ उपकलम ५ लिही, खाली व्हिसा संपण्याची तारीख, मूळ अर्जाची तारीख, प्रवासाची तारीख आणि कारण. लग्नपत्रिका जोड. मराठीत असली तरी जोड, वर दोन ओळी जर्मनमध्ये लिही. कारकुनाला 'तातडी' म्हणून फाइलीत लावायला काहीतरी लागतं.

माझे वडील जिल्हा परिषदेत होते. अर्ज दोन प्रतींत न्यायचा, एक आत द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे त्यांनी आम्हाला पाढ्यांसारखं शिकवलं होतं. इथे आल्यावर मला वाटलं, जर्मनीत कसली पोच घ्यायची? वर्षभरात कळलं की इथे सगळं पोचेवरच चालतं, फक्त शिक्का मारायला खिडकीत कुणी बसलेलं नसतं. तुझा अर्ज १२ तारखेच्या आत पोहोचला हे उद्या तुलाच सिद्ध करावं लागलं तर? यंत्राचं उत्तर जपून ठेव, त्यावर तारीख आहे. पण तेवढ्यावर राहू नकोस. तोच अर्ज सगळ्या जोडपत्रांसह छापून नोंदणीकृत टपालाने पाठव आणि फॅक्सही कर. हसू नकोस, फॅक्सच. या देशात कितीतरी सरकारी कार्यालयांत तो अजून धडधडत असतो आणि त्याची मिनिटासकट छापलेली पावती लोक मानतात.

आता कागद हातात आल्यावर काय बघायचं ते, कारण माझा घात इथेच झाला. मी २०२१ मध्ये आलो, दोन वर्षांनी परवाना वाढवायची वेळ आली आणि दिवाळीचं तिकीट काढून ठेवलं होतं. फिक्शन मिळाली, मी खूश. तीन दिवस आधी माझ्या इराणी रूममेटने तो कागद उलटून वाचला आणि गप्प झाला. पान तीनवर तीन चौकटी असतात. पहिली, परवान्याशिवायही कायदेशीर राहणाऱ्यांसाठी, म्हणजे व्हिसा न लागणाऱ्या देशांतून येऊन इथे अर्ज करणाऱ्यांसारख्यांची. दुसरी उशिरा अर्ज करणाऱ्यांची, त्यांना फक्त हाकलणं तात्पुरतं थांबवलेलं असतं. तिसरी आपली, जुना परवाना चालू असल्याची. परत यायची मुभा फक्त तिसरीला आहे, आणि तीही मुदत संपलेला व्हिसा किंवा परवाना सोबत असेल तरच. माझ्या कागदावर फुली दुसऱ्या चौकटीत होती. अर्ज वेळेत होता, पुरावा होता, चूक सरळसरळ टेबलापलीकडची. पण दुरुस्तीलाही टर्मिन लागतं, ते नऊ दिवसांनी मिळालं. तिकिटाचे पैसे गेले. आईने चकल्या टपालाने पाठवल्या, त्या कस्टमवाल्यांनी अडवून ठेवल्या, तो वेगळाच अध्याय.

म्हणून सांगतो, टेबलावरून उठायच्या आधी पान तीन उघड, तिसरी चौकट बघ, कागदावरची शेवटची तारीख बघ, पासपोर्ट क्रमांक जुळव. चुकलं असेल तर तिथेच शांतपणे सांग. परतीचं विमान त्या शेवटच्या तारखेच्या बरंच आधीचं घे. शक्यतो मुंबईहून थेट फ्रँकफुर्ट किंवा म्युनिक. पॅरिस, ॲमस्टरडॅममार्गे यायला नियमाने हरकत नाही, पण तिथल्या सीमा पोलिसाने हा जर्मन कागद याआधी पाहिलेला असेलच असं नाही. दुबई किंवा दोहा चालेल. लंडन मात्र टाळ, तिथे विमान बदलण्याचेही वेगळे नियम आहेत.

मेलला आठवडाभरात उत्तर आलं नाही तर विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय गाठ, त्यांच्याकडे कधीकधी आतला फोन नंबर असतो. विद्यार्थी संघटना, म्हणजे आस्टा, बऱ्याच ठिकाणी फुकट कायदेशीर सल्ला देते. आपण सेमिस्टरला पैसे भरतो त्यात तो येतो आणि आपली मुलं तिकडे फिरकत नाहीत. अर्जाला तीन महिने होऊनही कार्यालय ढिम्म बसलं तर प्रशासकीय न्यायालयात निष्क्रियतेचा दावा लावता येतो. तुझे सहाच आठवडे झालेत, त्यामुळे तो धाक आज दाखवू नकोस. दाखल्यासाठी तातडीचा अर्ज न्यायालयात करता येतो, पण तो वकिलाला विचारूनच.

'आपल्यालाच असं का छळतात' हे तू लिहिलंस, त्यावर माझं मत थोडं वेगळं आहे. माझ्यासमोर बसलेली बाई वाईट नव्हती, तिच्या मागे फायलींची भिंत होती. राग येतो तो एकतर्फीपणाचा. आपली तारीख एक दिवसाने चुकली तर दुसरी चौकट, त्यांची सहा महिन्यांनी चुकली तर 'समजून घ्या'. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण आपण उगीच फक्त आपल्याकडच्या सरकारला बहाल केली. पैशांचंही तसंच. मी आलो तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, १०,३३२ युरो दाखवावे लागत. सप्टेंबर २०२४ पासून ते ११,९०४ झाले, महिन्याला ९९२. हा आकडा जर्मन विद्यार्थ्यांच्या सरकारी मदतीशी बांधलेला आहे. ती वाढली की आपल्या बापाचं कर्ज वाढतं.

तुझा चुलतभाऊ पुढच्या वर्षी येणार म्हणालास, त्याला एक सांग. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना व्हिसाच्या आधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं, ते त्याने वेळेत काढावं. आणि व्हिसा नाकारला तर वकिलातीकडेच फुकट फेरविचार मागण्याची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता नवा अर्ज, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात दावा. त्यामुळे पहिली फाइलच चोख हवी.

तू आज रात्री मेल लिही आणि मला पाठव, जर्मन मी तपासून देतो. तिकीट काढलं नसशील तर अजून काढू नकोस. काढलं असशील तर तारीख बदलायला किती पडतात ते उद्या सकाळीच विचार.