"मॅडम, ह्या वयात आता डोक्यात काही शिरत नाही"

चाकण, भोसरी, रांजणगाव ह्या पट्ट्यातून माझ्याकडे समुपदेशनाला जे लोक येतात त्यांच्यापैकी कितीतरी जण हेच वाक्य घेऊन येतात. कुणाच्या कंपनीत सॅप (कामाच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) आलंय, कुणाकडे एक्सेलमध्ये डॅशबोर्ड मागतायत, कुणाचं प्रमोशन झालंय पण प्रेझेंटेशन म्हटलं की पोटात गोळा. वय विचारावं तर पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस, मध्ये एक बाई आल्या त्या तर अडतीसच्याच होत्या. म्हणून एकदा नीट लिहितेच. एका गृहस्थांचं सांगते, त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्यांना आपण भाऊ म्हणू.

भाऊ प्रेस शॉपला सुपरवायझर. आयटीआय करून हेल्पर म्हणून लागलेले, आता नुसत्या आवाजावरून डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, कुठे घासतेय ते सांगतात. प्रॉडक्शनची एंट्री रजिस्टरातून सॅपवर गेली, दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, प्रोजेक्टरवर एक मुलगा भराभर क्लिक करत गेला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि तिसऱ्या दिवशी भाऊ स्क्रीनसमोर बसले तर काही म्हणजे काही आठवेना. तेव्हापासून शिफ्ट संपली की आकडे चिठ्ठीवर लिहून ट्रेनी इंजिनिअरच्या हातात द्यायचे, "माझं लॉगिन चालत नाहीये रे, तेवढं टाक." असे कित्येक महिने. घरी चिडचिड सुरू झाली, शेवटी वहिनीच त्यांना घेऊन आल्या.

"त्या पोरालाच का नाही विचारत?"

"माझ्या मुलाच्या वयाचा आहे मॅडम. काय म्हणेल? ह्याला एवढंही येत नाही आणि हा आम्हाला शिकवतो."

"आणि समजा तसं म्हणाला, तर?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मग माझी किंमत काय राहिली?"

गाठ इथे होती. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर काम करणारी, त्यामुळे माझं लक्ष तिथेच जातं. १९५५ पासून तो हेच मांडत होता की आपण घटनेने जेवढे कोलमडतो त्यापेक्षा जास्त तिचा जो अर्थ लावतो त्याने कोलमडतो. सॅप येत नाही ही अडचण, ती सुटते. पण सॅप येत नाही म्हणजे मी कुचकामी, हा निष्कर्ष भाऊंनी काढून ठेवला होता आणि रोज तो चिठ्ठीत गुंडाळून त्या पोराच्या हातात देत होते.

पुढच्या दोन भेटी मी त्यांना फक्त त्यांच्या कामाबद्दल बोलतं केलं. मुद्दामच, कारण मला काय विचारायचंय ते ठरलं होतं.

"डाय बसवणारा नवीन सेटर आला की कसं शिकवता?"

भाऊ एकदम सरसावून बसले. "एकदा करून दाखवायचं. मग पाना त्याच्या हातात, आणि आपण हात मागे घेऊन उभं राहायचं. आपण हात लावला की तो शिकत नाही."

"पहिला पीस ओके निघतो?"

"कसा निघेल? सेटिंगचे दोन-चार पीस जाणारच. लाल बिनमध्ये टाकायचे, शट हाइट थोडी ॲडजस्ट करायची, परत मारायचा."

"त्यावरून बोलता त्याला?"

"बोलायचं काय त्यात, सेटिंग आहे ते."

"मग भाऊ, सॅपमध्ये तुमचे सेटिंगचे पीस किती गेले?"

माझ्याकडे बघतच राहिले. मग हसू आलं त्यांना, आल्यापासून पहिल्यांदा. "एकही नाही. मशीन सुरूच केलं नाही मी."

हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. हीच गोष्ट मी महिनाभर समजावली असती तरी ती माझी राहिली असती, आता ती त्यांच्या शॉपमधून आली. अनुभवी माणसाला शिकणं म्हणजे काय हे पक्कं माहीत असतं, इतरांना तो चुकायची सूट रोज देतो, स्वतःला मात्र देत नाही. चाळिशीनंतरच्या बहुतेकांचं मला हेच दिसलंय.

मग भाऊंनी आयटीकडे प्रॅक्टिसचा सर्व्हर मागितला, जिथे खऱ्या स्टॉकला धक्का लागत नाही, आणि त्या पोराला सांगितलं, "सीओ११एन मी करतो, तू हात मागे घेऊन उभा राहा." (सीओ११एन म्हणजे सॅपमध्ये प्रॉडक्शनची एंट्री टाकायचा कोड.) दोनच दिवसांत मला फोन. "मॅडम, चुकलेली एंट्री सीओ१३ ने कॅन्सल करता येते, हे कुणी सांगितलंच नव्हतं!" म्हणजे बघा, दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये चुकलं तर काय करायचं हा विषयच नव्हता, आणि नवशिक्याचा जीव तिथेच अडकलेला असतो. ट्रेनिंग देणाऱ्यांनो, हे आधी शिकवा प्लीज.

तुमचंही असंच असेल तर "ट्रेनिंगमध्ये तर सगळं समजलं होतं" ह्यावर विसंबू नका. रोडिजर आणि कार्पिक ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परत वाचणारे पुढे, पण आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात होतं. तेव्हा त्याच संध्याकाळी मॅन्युअल मिटून स्टेप्स कागदावर उतरवा, अडेल तिथेच उघडून बघा, दोन दिवसांनी परत. आणि विचारताना "मला जमत नाही" असं मोघम नको, "ओके पीसचं यील्ड टाकलं, आता बाद पीसच्या स्क्रॅपचं रीझन कुठे टाकू?" असं विचारा. नेमक्या प्रश्नाला कुणी हसत नाही, उलट समोरच्याला उत्तर देणं सोपं जातं.

साहेब लोकांनो, तुमच्यासाठीही आहे. एमी एडमंडसन ह्या संशोधिकेला हॉस्पिटलच्या टीम्स अभ्यासताना दिसलं की चांगल्या चालणाऱ्या टीम्समध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे लोक चूक बोलून दाखवू शकत होते. सकाळच्या मीटिंगमध्ये प्लँट हेड जर म्हणाला ना, "मलाही हा रिपोर्ट काढता येत नाही, कुणीतरी दाखवा रे," तर लपलेल्या चिठ्ठ्या आपोआप बाहेर येतील.

मात्र झोप, भूक, मन दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर ट्रेनिंग बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

भाऊ आता एंट्री स्वतः टाकतात, आणि तो ट्रेनी त्यांच्याकडे डाय सेटिंग शिकतोय. पुढच्या बॅचच्या ट्रेनिंगमध्ये अर्धा तास मला द्या, असं त्यांनी एचआरला सांगून ठेवलंय, सुरुवात सीओ१३ पासून करणार म्हणे.