शाळेत मूल्यशिक्षणाचा वेगळा तास ठेवल्याने मुलं खरंच प्रामाणिक होतात का?

नुसत्या तासाने नाही होत, गोष्ट-तात्पर्य आणि फळ्यावर सुविचार एवढ्यावर तर अजिबात नाही. अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे या दोन संशोधकांनी १९२० च्या दशकात हजारो शाळकरी मुलांना कॉपी करायची, खोटं बोलायची, पैसे ढापायची संधी मुद्दाम देऊन बघितली, त्यात दिसलं की प्रामाणिकपणावर छान उत्तरं देणारी मुलं कमी फसवतात असं काही नाही, आणि एकच पोरगं एका ठिकाणी सरळ वागतं नि दुसरीकडे बिनधास्त कॉपी मारतं, म्हणजे पकडलं जायची भीती किती, वर्गातली बाकीची काय करतायत यावर बरंच ठरतं. मग शाळेने करायचं काय, तर:

- वर्गाचे नियम मुलांसोबत बसून ठरवायचे, आणि सर-मॅडमनीही पाळायचे (गाडी इथेच अडते)
- भाषणाऐवजी जोडीत, गटात चर्चा. २००९ ला बीड जिल्ह्यातल्या झेडपी शाळांत सुरू झालेला मूल्यवर्धन उपक्रम साधारण असाच, संविधानातल्या मूल्यांवर.

फक्त अमेरिकेतल्या त्या अभ्यासावरून स्वभाव नावाचं काही नसतंच असं समजू नका, नंतर त्याच आकड्यांचा पुन्हा अभ्यास झाला तेव्हा मुलांच्या वागण्यात थोडं सातत्यही सापडलं.