घराचा कमावता माणूस विम्याविना, आणि पॉलिसी मुलाच्या नावावर

प्रश्न : वय ५२, पुण्यात खासगी नोकरी, हातात महिना १ लाख ८५ हजार येतात. मुलगा १९ वर्षांचा, लहानपणापासून गोल्फ खेळतो, हौशी स्पर्धांत बऱ्याचदा पहिल्या दहात असतो. आता त्याला व्यावसायिक व्हायचं आहे. हिंजवडीतल्या फ्लॅटवर (किंमत ७५ लाख, भाडं २२ हजार, कर्ज नाही) ५० लाखांचं तारण कर्ज काढावं की तो विकावा? पहिल्या वर्षी दहा लाख लागतील, दुसऱ्या वर्षापासून बक्षिसांतून भागेल असा अंदाज आहे. गोल्फपटू अनिर्बान लाहिरीसुद्धा पुण्यातच जन्मला. राहत्या घराचं कर्ज २० लाख बाकी, हप्ता २८ हजार. पीएफ ३८ लाख. मुलाच्या करिअरसाठी चार वर्षांपूर्वी वर्षाला २ लाख ४० हजारांची पॉलिसी घेतली आहे. मुलगी नववीत आहे, तिचं पुढे बघता येईल.

उत्तर : कर्ज काढू नका. साठीपर्यंत फेडायचं म्हटलं तर ५० लाखांना दहा टक्क्यांनी आठ वर्षं महिना ७६ हजार हप्ता बसतो. तुमच्याच हिशेबाने घरखर्च ७५ हजार, घराचा हप्ता २८, पॉलिसीचे २०, मुलाचा सध्याचा सराव आणि प्रवास ४०. म्हणजे १ लाख ६३ हजार आजच संपतात. उरलेल्या २२ हजारांत आणखी २२ हजार भाडं घातलं तरी ७६ कुठून आणणार? कर्जाच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं.

आता न विचारलेलं. पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडलात, बरं झालं. ‘लाइफ अशुअर्ड’च्या, म्हणजे ज्याच्या जिवाचा विमा त्याच्या, रकान्यात मुलाचं नाव आहे आणि नॉमिनी तुम्ही आहात. म्हणजे देव न करो, मुलाला काही झालं तर तुम्हाला २४ लाख मिळतील. तुम्हाला काही झालं तर मुलाला दमडी मिळणार नाही, उलट उरलेले हप्ते घरच्यांच्या डोक्यावर. तुमच्यामागे हप्ते माफ व्हावेत असा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा कलम, असतो, तोही घेतलेला नाही. या घरात कमावतं कोण? कोच, कॅडी (मैदानावर बॅग वाहणारा साथीदार), विमानाचं तिकीट, मुलीची शाळा, घराचा हप्ता, सगळं एका पगारावर चाललंय, आणि त्या पगारामागे आहे कंपनीचं १२ लाखांचं ग्रुप विमा कव्हर. नोकरी सुटली की तेही गेलं. क्लबातल्या ओळखीच्या एजंटाने ‘मुलाचं भविष्य’ म्हणून हे गळ्यात मारलं आणि तुम्ही सही केलीत.

परताव्याचंही बघू. २ लाख ४० हजार गुणिले १२ हप्ते, २८ लाख ८० हजार. विसाव्या वर्षी ५४ लाख. ‘जवळजवळ दुप्पट आणि करमुक्त’ हे ऐकायला छान आहे, पण दरसाल दर शेकडा काढला तर साडेचार टक्क्यांच्याही आतच येतो. पीपीएफ ७.१ देतं, तेही करमुक्त. शिवाय हे पैसे येतील तेव्हा मुलगा ३५ वर्षांचा असेल. गोल्फच्या करिअरला पैसा सुरुवातीला लागतो, पस्तिशीत नव्हे.

उरलेले आठ हप्ते, म्हणजे १९ लाख, भरू नका. विमा कंपनीकडून आजची सरेंडर व्हॅल्यू (आज पॉलिसी मोडली तर हाती येणारी रक्कम) आणि पेड-अप केल्यास, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास, शेवटी मिळणारी रक्कम, दोन्ही आकडे लेखी मागवा. एजंटाकडून नव्हे, शाखेतून. भरलेल्या ९ लाख ६० हजारांतले काही बुडणार आहेत. ते बुडालेच आहेत, त्यांच्यापायी आणखी १९ घालायचे नाहीत.

त्याआधी स्वतःचा दीड कोटीचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा साधा विमा, वयाच्या ६५ पर्यंत. वर्षाला ५०-६० हजार धरून चला. पत्राच्या शेवटी जाता जाता बीपीच्या गोळीचा उल्लेख केला आहेत. ती गोळी अर्जात लिहा, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. लपवलीत तर क्लेमच्या वेळी बायकोला कंपनीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. सोबत कुटुंबाचा स्वतंत्र मेडिक्लेमही घ्या, नोकरीतला निवृत्तीनंतर कामाचा नाही.

आता लाहिरीकडे येऊ, कारण तुमची सगळी गणितं त्याच्या नावावर उभी आहेत. तो २००७ मध्ये व्यावसायिक झाला. आशियाई टूरवरचं पहिलं विजेतेपद २०११ मध्ये. मलेशियन ओपन आणि इंडियन ओपन जिंकून नाव झालं ते २०१५ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी. २०२२ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये कॅमेरून स्मिथपेक्षा एका फटक्याने मागे राहून तो दुसरा आला आणि त्या एका आठवड्याचे २१ लाख ८० हजार डॉलर, तेव्हाचे सोळा कोटींवर रुपये, घेऊन गेला. लोकांना हे सोळा कोटी पाठ असतात, आधीची आठ वर्षं नसतात. आणखी एक गोष्ट, त्याचे वडील लष्करात डॉक्टर होते. लष्कराच्या नोकरीमागे पेन्शन असतं, तुमच्या नोकरीमागे ३८ लाखांचा पीएफ आहे.

‘दुसऱ्या वर्षापासून भागेल’ हे कोणी सांगितलं? भारतातल्या पीजीटीआय टूरवर, म्हणजे व्यावसायिकांच्या स्पर्धांच्या मालिकेत, एक कोटीची स्पर्धा असेल तर विजेत्याला १५ लाख मिळतात. पण खेळतात सव्वाशेच्या आसपास. दोन दिवसांनी कट लागतो, साधारण पहिले पन्नास आणि बरोबरीतले पुढे जातात. बाकीचे शुक्रवारच्या आत बॅग भरतात, बक्षीस शून्य, हॉटेल आणि कॅडीचे पैसे मात्र पूर्ण. कट गाठून तळाला राहिलेल्याच्या हाती लाखाच्या आतलीच रक्कम पडते. आठवड्याचा खर्च ४५ हजार धरला तर २२ स्पर्धांचे दहा लाख झाले. कोच, फिजिओ, सराव, साहित्य वेगळं. मी वर्षाला पंधरा लाख धरतो, आणि पहिली दोन वर्षं बक्षीस शून्य धरतो. आलं तर वरकड.

घाईही कशाला? हौशी खेळाडूंचे नियम २०२२ पासून सैल झालेत. आता हौशी राहूनही प्रायोजकाचे पैसे घेता येतात. बंधन आहे ते मुख्यतः बक्षिसाच्या रकमेवर, एका स्पर्धेत १००० डॉलर. तेव्हा वर्षभर हौशी राहून प्रायोजक शोधा. एकही कंपनी पुढे आली नाही, तर टूरवर उतरण्याआधीच एक गोष्ट कळेल.

फ्लॅट मात्र विका. ७५ लाखांवर २२ हजार भाडं म्हणजे साडेतीन टक्के, देखभाल आणि मालमत्ता कर त्यातूनच. २०१४ ला ३८ लाखांना घेतलेला असल्याने जुन्या पद्धतीने इंडेक्सेशन धरून, म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून, कर काढायची मुभा तुम्हाला आहे, तीन लाखांच्या आसपास बसेल. सीएकडून दोन्ही पद्धतींनी काढून घ्या. दलाली वजा जाता ७० लाख हाती येतील. त्यातले २० घराच्या कर्जात. २५ मुलीच्या नावाने बाजूला, आधी, ‘पुढे बघू’ नाही. तिला चार वर्षांत कॉलेजची फी लागणार आहे आणि तिच्या भावाचा कट हुकला म्हणून ती पुढे ढकलली जाणार नाही. उरलेले २५ मुलाचे, लिक्विड फंडात (हवे तेव्हा पैसे काढता येणारा कमी जोखमीचा म्युच्युअल फंड), वेगळ्या खात्यात. सरावावर आज जाणारे महिना ४० हजार चालू ठेवलेत तर टूरचे दोन सीझन त्यात निघतात. ही रक्कम मुलाला समोर बसवून आकड्यात सांगा. १९ वर्षांचा आहे, त्याला समजतं. संपली की पुढचा पैसा प्रायोजकाचा किंवा त्याच्या बक्षिसाचा, पीएफचा नाही.

घराचा हप्ता आणि पॉलिसी थांबल्यावर महिना ४८ हजार सुटतात. टर्मचे पाच वजा करून ४३ हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवणूक) आठ वर्षं, दहा टक्के धरले तर ६० लाखांवर. पीएफ तोवर एक कोटी दहाच्या घरात जाईल. आजचा ७५ हजारांचा खर्च तेव्हा सव्वा लाखाजवळ असेल, म्हणजे एवढ्यानेही पुरत नाही. म्हणून नोकरी ५८ ला सोडायचा जो विचार लिहिला आहेत, तो सध्या बाजूला ठेवा.

पॉलिसीचा पुढचा हप्ता मार्चमध्ये आहे. बँकेतला ऑटो-डेबिट त्याआधी बंद करा, पण टर्म विम्याची वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात आल्यावरच.