मुंबईतल्या छोट्या घरात कपाटं सुताराकडून करून घ्यावीत की तयार आणावीत?

स्वयंपाकघराची तरी सुताराकडूनच करून घ्या. आमच्या गिरगावातल्या जुन्या घरात एकही भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. तयार कपाट वर भिंतीला टेकलं आणि खाली तीन बोटं फट राहिली. मग सुताराने ओळंबा धरून माप घेतलं, बाजूची पट्टी भिंतीच्या उताराप्रमाणे तासली आणि खांबालगतच्या नऊ इंचांत तेलाच्या बाटल्यांसाठी उभा कप्पा बसवला. तो कप्पा मला रोज सुख देतो.

पण खरा मुद्दा पावसाळ्याचा. स्वस्त तयार कपाटं बहुतेक पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकाने दाबून केलेल्या फळ्यांची, असतात. सिंकखाली पाणी झिरपलं की बोर्ड फुगतो, मग बिजागरीचे स्क्रूही धरत नाही. सिंकखाली आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चाच प्लाय वापरा आणि शिक्का स्वतः बघा, नुसत्या ‘वॉटरप्रूफ’ शब्दावर जाऊ नका. ‘एमआर’ (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लाय दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या कडाही सील करून घ्या, पाणी तिथूनच शिरतं.

खर्च जास्त येतो, घरभर भुसा होतो, हे खरं. भाड्याच्या घरात किंवा बेडरूमच्या कोरड्या भिंतीला तयार कपाट खुशाल आणा.