आइस हॉकीत 'एलिमिनेशन गेम' आणि 'गेम सेव्हन' एकच का?

नाही, एकच नाही, पण गोंधळ सगळ्यांचाच होतो. एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग, तिच्या प्लेऑफमधे प्रत्येक सिरीज जास्तीत जास्त ७ मॅचची असते, आधी ४ जिंकेल ती टीम पुढे. आता समजा सिरीजमधे ३-१ असा स्कोर आहे, तर पाचवी मॅच मागे असलेल्या टीमसाठी एलिमिनेशन गेम, म्हणजे हरले की घरी, आणि पुढे असलेल्यांसाठी तीच मॅच क्लिंचिंग गेम, जिंकले की सिरीज खिशात. मॅच तीच, बघणारा कोणत्या बाजूचा त्यावर नाव बदलतं. ३-३ झालं की मग गेम सेव्हन, तिथे दोघांनाही दुसरा चान्स नाही, आपल्याकडे क्रिकेटच्या सिरीजमधे २-२ नंतरची पाचवी मॅच असते ना, तसंच.

२०२४ ची स्टॅनली कप फायनल, म्हणजे एनएचएलची फायनल सिरीज बघा, फ्लोरिडा पँथर्स ३-० ने पुढे, म्हणजे एडमंटन ऑइलर्सची चौथी, पाचवी, सहावी तिन्ही एलिमिनेशन गेम, आणि तिन्ही त्यांनी जिंकल्या!! पण गेम सेव्हन पँथर्सनी २-१ ने नेली. मला अजून हळहळ वाटते. ती ऑइलर्स जिंकले असते तर त्याला रिव्हर्स स्वीप, म्हणजे ०-३ मागे पडून सिरीज जिंकणं, म्हणाले असते, फायनलमधे असं फक्त टोरंटो मेपल लीफ्सनी १९४२ मधे केलंय.

आणि 'सडन डेथ' वेगळं, ते ओव्हरटाइमबद्दल. प्लेऑफमधे शूटआउट नसतं, २०-२० मिनिटांचे पिरियड खेळत राहायचं, पहिला गोल झाला की मॅच तिथेच संपली.