‘डी’ची तपासणी नेमकी कधी?

प्रश्न : वय 52. व्हिटॅमिन डी 11 आलं म्हणून 60,000 युनिटची पुडी, आठवड्याला एक, अशी आठ आठवडे घेतली. शेवटच्या पुडीनंतर चार दिवसांनी तपासलं तर 46. मग औषध बंद केलं. सहा महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये 17! औषध कुचकामी, की रिपोर्ट चुकीचा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. तपासणीत मोजतात ते 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. नवी भर पडली नाही तर ते साधारण दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं. तुमचे 46 हे कोर्स नुकताच संपल्यावरचे, म्हणजे चढत्या वेळचे. तुमचा राहून गेला तो पुढचा डोस : रोज 1,000 ते 2,000 युनिट, किंवा महिन्याला एक पुडी. तो किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या; मुतखडा, किडनीचा आजार किंवा क्षयाचा इतिहास असेल तर आधी सांगा.

डोस कायम ठेवून तीन महिन्यांनी तपासा, आधी नको; पातळी स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. महिन्याची पुडी घेत असाल तर पुढची पुडी घेण्याच्या आदल्या दिवशी रक्त द्या. उपाशीपोटी जायची गरज नाही. लॅब तीच ठेवा. पद्धत बदलली की आकडाही हलतो, त्यामुळे तीन-चार अंकांच्या फरकावरून औषध बदलू नये. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर लॅबला सांगून दोन-तीन दिवस आधी थांबवा. काही मशीनवर तिच्यामुळे ‘डी’ खोटंच जास्त दिसतं. ‘1,25-डायहायड्रॉक्सी’ ही वेगळी, महागडी चाचणी. कमतरता असतानाही ती नॉर्मल येऊ शकते. पैसे वाया.

तीन महिन्यांनीही आकडा हलला नाही तर आधी पुडी कशी घेता ते पाहा. अनेक जण ती सकाळी रिकाम्या पोटी पाण्यातून घेतात. व्हिटॅमिन डी स्निग्ध पदार्थात विरघळतं. जेवणानंतर, साय न काढलेल्या दुधातून घ्या. फिटची फेनिटॉइन, क्षयाची रिफॅम्पिसिन किंवा वजनाची ऑर्लिस्टॅट चालू असेल, अथवा वजन बरंच जास्त असेल, तर नेहमीचा डोस अपुरा पडतो.

20 च्या खाली कमतरता, 30 च्या वर पुरेसं (आकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये). 70 गाठायचा अट्टहास कशाला? (परदेशातला रिपोर्ट नॅनोमोलमध्ये असेल तर अडीचने भागा.)

प्रश्न : आईने आठवड्याची पुडी चुकून रोज घेतली, वीस दिवस. काय करू?

उत्तर : पुडी आणि कॅल्शियमच्या गोळ्या, दोन्ही आजच बंद. वीस दिवसांत 12 लाख युनिट झाली. उद्यावर न टाकता डॉक्टरांना दाखवा. रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि ‘डी’ तपासतील. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, वारंवार लघवी, असंबद्ध बोलणं, यातलं काही असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. हृदयाची डिगॉक्सिन किंवा थायझाइड गटातली बीपीची गोळी चालू असल्यास ते पहिल्या वाक्यातच सांगा. आज कॅल्शियम नॉर्मल आलं तरी काही आठवडे पुन्हा तपासावं लागेल, कारण चरबीत साठलेलं ‘डी’ हळूहळू बाहेर येत राहतं.