१९७० ची शेव्हेल की नवी मस्टँग? आधी डॅशवरची पट्टी बघा

तुमच्या पोस्टमधल्या एका वाक्यापाशी मी थांबलो. बाकीचं, म्हणजे मिशिगनमधल्या नोव्हाय गावातलं घर, ५५,००० डॉलरचं बजेट, ओहायोतली शेव्हरोलेची १९७० ची शेव्हेल एसएस (सुपर स्पोर्ट) ३९६ घ्यावी की शोरूममधून नवी मस्टँग जीटी, यावर वर बऱ्याच जणांनी छान लिहिलंय. पण "रंगकामाच्या वेळी डॅशवरची नंबराची पट्टी काढली होती, नंतर नीट परत बसवली, असं विकणारा म्हणतो" हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ही पट्टी म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक (व्हीआयएन) असलेली. अगदी याच गोष्टीपायी माझे अकरा महिने आणि सुमारे नऊ हजार डॉलर गेले.

माझी गाडी १९६९ ची पोंटिअ‍ॅक जीटीओ. चारशे घनइंचाचं इंजिन, चार गिअरची मॅन्युअल पेटी, हिरवा रंग. २०१२ मध्ये घेतली तेव्हा टायटल (मालकीचा कागद) स्वच्छ होतं आणि नंबरही जुळत होते. दोन वर्षांनी रंगाला दिली. पुढची काच आणि डॅश सुटा करायचा होता. रंगवाल्याने पट्टीचे दोन रिव्हेट ड्रिलने उडवले, पट्टी पुसून घेतली आणि साध्या पॉप रिव्हेटने पुन्हा ठोकली. गाडी घ्यायला गेलो तेव्हा मी ते पाहिलं. काम सफाईदार वाटलं, म्हणून मी त्याचं कौतुकही केलं. माझी चूक ती हीच. त्या क्षणी मूळ रिव्हेट मागून घ्यायला हवे होते, फोटो काढायला हवे होते, पट्टी का काढली हे त्याच्याकडून बिलावर लिहून घ्यायला हवं होतं. यातलं मी काहीच केलं नाही.

त्या काळच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत ही पट्टी खास रिव्हेटने बसवलेली असायची. त्यांचं डोकं सहा पाकळ्यांच्या फुलासारखं दिसतं. दुकानातला साधा गोल पॉप रिव्हेट दिसला की जाणकार माणूस लगेच ओळखतो की पट्टी कुणीतरी हलवली आहे. आणि हलवलेली पट्टी म्हणजे आधी संशय चोरीचा.

पुढे नोकरीमुळे दुसऱ्या राज्यात गेलो. राज्याचं नाव लिहीत नाही. बाहेरून आलेल्या गाडीची तिथे तपासणी होते. तपासणाऱ्याने काचेतून टॉर्च मारला, दोन मिनिटं बघितलं आणि गाडी आवारात लावून घेतली. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याने त्याचं काम केलं. तक्रार आहे ती त्यानंतरच्या कार्यालयाबद्दल. पहिल्या खिडकीवर सांगितलं, उत्पादकाचं पत्र आणा. पोंटिअ‍ॅक हा ब्रँडच २०१० मध्ये बंद झालाय, पत्र कुठून आणू? हे मी तीन वेगवेगळ्या लोकांना तीन वेळा समजावलं. मग जुन्या पोंटिअ‍ॅकच्या नोंदी पुरवणाऱ्या पोंटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून गाडीच्या मूळ फॅक्टरी बिलाची प्रत मागवली. त्यावर नंबर, रंग, इंजिन, डीलर, सगळं होतं. ती "सरकारी कागद नाही" म्हणून परत केली. फोन केला की वेगळं उत्तर, प्रत्यक्ष गेलं की त्याहून वेगळं. एकदा तर माझी फाइल बंद झाल्याचं सांगितलं, आणि गाडी मात्र त्यांच्याच आवारात बर्फाखाली उभी होती. उंदरांनी वायरिंग खाल्लं, काउलमधून (काचेखालच्या जाळीच्या भागातून) पाणी आत येऊन नवा गालिचा कुजला. वकील करावा लागला.

सुटका कशी झाली? वाहनचोरी विभागाचा एक जुना अधिकारी आला. या गाड्यांत नंबराचा काही भाग चेसिसच्या रेल्वरही ठोकलेला असतो, हे त्याला माहीत होतं. त्याने वायर ब्रशने गंज खरवडला, नंबर निघाला, पट्टीशी जुळला. वीस मिनिटांचं काम होतं ते! तरीही कार्यालयाने मूळ पट्टी ठेवून घेतली आणि राज्याचा नवा नंबर दाराच्या खांबावर चिकटवून दिला. आज ती गाडी उत्तम चालते, पण विकायला काढली तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न त्या स्टिकरबद्दलच विचारेल.

माझं नशीब वाईट होतं, असं समजून हा किस्सा सोडून देऊ नका. कॅन्ससमध्ये एका माणसाची १९५९ ची कॉर्व्हेट याच कारणावरून पोलिसांनी जप्त केली होती. जुन्या दुरुस्तीत पट्टी काढून परत लावली होती, एवढंच. गाडी नष्ट करण्यापर्यंत बोलणं गेलं होतं. शेवटी २०२२ मध्ये त्या राज्याला जुन्या गाड्यांसाठी कायदा बदलावा लागला. संघराज्याच्या कायद्यात दुरुस्तीसाठी गरजेपुरती सूट आहे, पण प्रत्येक राज्य ती आपापल्या पद्धतीने बघतं. मी वकील नाही, हा कायदेशीर सल्ला समजू नका. सौदा करण्याआधी मिशिगनचा नियम स्वतः विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

तुमच्या शेव्हेलबद्दल दुसरी गोष्ट. माझ्या जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो, त्यामुळे ती जीटीओ आहे हे नंबरच सांगतो. १९७० च्या शेव्हेलला तो आधार नाही. एसएस हे त्या वर्षी एक पॅकेज होतं. आठ सिलिंडरची मालिबू (शेव्हेलचंच साधं मॉडेल) आणि एसएस दोघींचा नंबर १३६ नेच सुरू होतो. म्हणजे साध्या मालिबूला बॉनेट, पट्टे आणि बिल्ले लावून कुणीही एसएस बनवू शकतो, आणि लोकांनी तशा भरपूर बनवल्यात. बिल्ड शीट मागा, म्हणजे गाडी बनवताना कारखान्यात वापरलेला तपशिलाचा कागद. ती बहुतेकदा पेट्रोलच्या टाकीवर नाहीतर सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेली सापडते. तिच्यावर एसएस ३९६ चा झेड२५ हा कोड हवा. शीट नसेल तर माझ्या मते एसएसचे पैसे द्यायचे नाहीत, विकणारा कितीही सज्जन वाटला तरी. आणि बिल्ला ३९६ असला तरी १९७० चं ते इंजिन प्रत्यक्षात ४०२ घनइंचाचं होतं, त्यामुळे ४०२ ऐकून दचकू नका.

आता जुनी की नवी. कुणीतरी वर लिहिलंय की शेव्हेलचे ३५० हॉर्सपॉवर आणि मस्टँगचे ४८० यात फार फरक नाही. ही तुलनाच चूक आहे. १९७२ च्या आधीचे आकडे ग्रॉस असत. पंखा, अल्टरनेटर, खरा एक्झॉस्ट काहीही न जोडता, इंजिन एकटं स्टँडवर ठेवून मोजलेले. आजचा आकडा नेट असतो. फरक दिसतो त्याहून बराच मोठा आहे. ब्रेक, टायर, एअरबॅग, पावसात गाडी सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक्स, यात तर वादच नाही. माझ्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. आय-६९६ वर एकदा पुढचा ट्रक अचानक थांबला, त्या दिवसापासून पुढे डिस्क आहेत. अस्सलपणाच्या नावाखाली ड्रम ठेवणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही, पण घरात मुलं असतील तर डिस्क लावा.

मग जुनी का? माझ्यापुरतं सांगतो. थंडीत चालू करताना पेडल दोनदा दाबून चोक लावावा लागतो. किती दाबायचं हे मला माझ्या गाडीचं कळतं, दुसऱ्याच्या गाडीचं नाही. कार्बोरेटरचे मागचे दोन मोठे घसे उघडतात तेव्हा आधी हवा ओढल्याचा आवाज येतो आणि मग पाठीत धक्का बसतो. मधे कुणी नाही, संगणक नाही. बॉनेट उघडलं की प्रत्येक वस्तू दिसते, हाताला येते. नवी मस्टँग मी चालवलीय, मनापासून आवडली. पण ती चालवताना माझ्याकडून चूक झाली की गाडी ती झाकते. जुन्या गाडीत माझी चूक माझीच राहते. मला हे हवं असतं, सगळ्यांना हवं असेल असं नाही.

इथे काहीजण हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाला आपली मसल कार म्हणतात. मीही कोल्हापुरात काकांच्या कॉन्टेसावर जीव टाकला होता. पण सुरुवातीला तिच्यात अ‍ॅम्बेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं. रूप तसं होतं, ताकद नव्हती. १९६४ मध्ये पोंटिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचाचं इंजिन बसवलं, तेव्हा कंपनीचा स्वतःचाच नियम ३३० च्या वर जाऊ नका असा होता. तो डावलून केलेलं काम म्हणजे जीटीओ. मसल कार म्हणतात ते याला.

गाडी घेतलीच तर दोन-तीन गोष्टी. इंजिनात जुन्या पद्धतीचा फ्लॅट टॅपेट कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा, सपाट टॅपेटवर घासणारा दांडा) असेल तर पंपावरचं नवं ऑइल चालत नाही, त्यात जस्त-फॉस्फरस कमी असतं आणि कॅम घासून जातो. झेडडीडीपी (हेच जस्त-फॉस्फरसचं रसायन) जास्त असलेलं ऑइल घ्या. विमा "अ‍ॅग्रीड व्हॅल्यू"चाच (आधीच ठरलेल्या किमतीचा) घ्या, नाहीतर अपघातात कंपनी गाडीला पन्नास वर्षं जुनं भंगार समजून पैसे देईल. मागच्या काचेखाली आणि डिकीच्या तळाला लोहचुंबक फिरवा. चिकटला नाही तर आत पत्रा नाही, पुट्टी आहे. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, दहा वर्षं जुने टायर नवे दिसले तरी बदला. मिशिगनची हिस्टॉरिक नंबरप्लेट घेतलीत तर वापर संमेलनं-परेडपुरता, पण ऑगस्टभर मोकळीक असते. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मोठी फेरी निघते, तिथे यायला तेवढं पुरतं.

गॅरेजमध्ये एकच जागा असती तर डोळे मिटून मस्टँग घ्या म्हटलं असतं. तुमच्याकडे दोन आहेत, म्हणून शेव्हेलला नाही म्हणत नाही. ओहायोला जाताना टॉर्च न्या. काचेतून त्या दोन रिव्हेटचा जवळून फोटो काढा. विकणाऱ्याकडे रंगकामाचं बिल आणि मूळ रिव्हेट आहेत का विचारा, चेसिसवरचा नंबर खरवडून बघायची परवानगी मागा. तो नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. फोटो इथे टाका, पण पट्टीवरचा नंबर झाकून. रिव्हेट बघून मला काय वाटतं ते त्याच दिवशी लिहितो.